माझ्या बाजूचा ब्रेक

६ जानेवारी

नणंदेच्या सांगण्यावरून ही वही सुरू केली. "चॅनल काढायचं तर लिहून ठेवत जा वहिनी. काय टाकलं, काय चाललं, काय आपटलं. चार महिन्यांनी वाचलंस की आपण कुठे माती खाल्ली ते आपलं आपल्यालाच दिसतं." ती लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. नवरीच्या बापाचा गळा कधी दाटून येणार हे तिला त्याच्या आधी कळतं. तेव्हा तिचं ऐकायचं ठरवलं आहे.

हातात काय आहे ते आधी मांडते. सतरा वर्षं मी लोकांना गाडी शिकवते आहे. शाळा धाकट्या दिरांची. भाऊजी स्वतः शिकवत नाहीत, नवशिक्याशेजारी बसलं की त्यांना दरदरून घाम फुटतो. म्हणून ते ऑफिसात आणि मी गाडीत. ऑफिस म्हणजे एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, कुरकुरणारा पंखा आणि टेस्ट पास झालेल्यांचे फोटो. माझी ख्याती एकच: मी ओरडत नाही. माझ्या पायाखाली जास्तीचा ब्रेक असतो. तो वेळेवर दाबायचा आणि तोंडाने "छान, पुन्हा करू या" म्हणायचं, एवढंच माझं काम.

मला स्वतःची गाडी हवी आहे. दोन ब्रेकची, आणि दारावर माझं नाव असलेली. दिरांच्या शाळेत किती वर्षं वहिनी म्हणून राबणार?

नवऱ्याला विचारलं, "चालेल का रे चॅनल?"

तो बूट घालत होता. म्हणाला, "गाडी शिकायची असेल तो गाडीत बसेल. बघत कशाला बसेल?"

नणंदेला तेच विचारलं. ती म्हणाली, "खरं सांगू? हजारांत एखादं चालतं. पण कुठलं चालणार ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून सगळे काढतात."

दोघांचंही पटलं. तरी सुरू करते आहे.

१२ जानेवारी

पहिला व्हिडिओ: 'क्लच हळू कसा सोडावा'. पाहणारे बहुतेक नातेवाईक. माझ्या आईने कमेंट लिहिली, "छान. जेवलीस का?" नणंद म्हणाली ती काढून टाक. मी ठेवली. एकच तर होती.

२५ जानेवारी

चढावर गाडी कशी सोडावी. आरसे कसे लावावेत. उलटं पार्किंग. तिन्ही आपटले. माहिती बिनचूक आहे, आवाज स्वच्छ आहे, प्रकाश बरा आहे. रात्रंदिवस याच धंद्यात असलेल्या माणसाने सांगितलेली गोष्ट लोक बघत नाहीत आणि काल गाडी घेतलेला कुणी पोरगा गाणं लावून तीच गोष्ट चुकीची सांगतो, ती लाखो लोक बघतात. राग नाही. नोंद आहे.

नणंदेचं निदान: "तुझ्या व्हिडिओत माणूस नाही वहिनी. नुसते पाय आहेत."

म्हणून आता गाडीत कॅमेरा लावायचा. समोर एक, आत एक. शिकणाऱ्याला विचारूनच.

भाऊजींनी नाक मुरडलं. "शाळेचं नाव बद्दू नाही ना होणार?" मी म्हटलं, नाव व्हायला आधी कुणी बघायला तर हवं.

३ फेब्रुवारी

नवीन शिकणारी आली. वाचनालयात ग्रंथपाल आहे, पंचावन्नच्या आसपास. मऊ आवाज, चष्म्याला साखळी. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी स्टिअरिंगला हात लावला आणि म्हणाल्या, "सॉरी हं." मला वाटलं मला म्हणाल्या. गाडीला म्हणाल्या होत्या.

मग तासभर तेच. गिअर खरखरला, "सॉरी, सॉरी, लागलं का?" फुटपाथवरचा माणूस दचकला, काच खाली करून "माफ करा हं काका." सिग्नलच्या खांबाजवळून जाताना खांबाचीही माफी. एका वळणावर गाडी बंद पडली तेव्हा मागचे हॉर्न वाजवायला लागले, तर ह्या आरशात बघून हात जोडून बसल्या. मी म्हटलं, "आधी गाडी चालू करा, मग हात जोडा."

सतरा वर्षांत गाडीत हसू आवरणं मला कधी जड गेलं नव्हतं. आज गेलं.

कॅमेऱ्याचं विचारलं. म्हणाल्या, "माझं तोंड कुणाला बघायचंय? खुशाल लावा."

१० फेब्रुवारी

'सॉरी म्हणणाऱ्या बाई' टाकला. संध्याकाळपर्यंत सगळ्या जुन्या व्हिडिओंची बेरीज मागे पडली. कमेंटमध्ये लोक त्यांच्यावर जीव टाकत आहेत. "या माझ्या मावशी आहेत असं वाटतं." "खांबाने माफ केलं का?" एकाने लिहिलं, "शिकवणाऱ्या मॅडम किती शांत!" नणंदेने मला ते फोन करून वाचून दाखवलं, जसं काही मी वाचलं नव्हतं. मी ते तीनचारदा वाचलं होतं.

ग्रंथपालबाईंनीही पाहिला. वाचनालयात सगळ्यांनी मिळून पाहिला म्हणे. लाजल्या होत्या, पण खूश होत्या.

१६ फेब्रुवारी

आजची नणंदेशी चर्चा महत्त्वाची, म्हणून सविस्तर.

ती नवीन तासांची रेकॉर्डिंग बघत होती. मध्येच थांबवलं आणि म्हणाली, "वहिनी, तू फार लवकर ब्रेक मारतेस."

"तेच तर माझं काम आहे."

"हो गं. पण बघ इकडे. बाई घाबरल्या, डोळे मोठे झाले, आता काहीतरी होणार, आणि तेवढ्यात तू ब्रेक. संपलं. गोष्ट जन्माला यायच्या आधीच तू गळा दाबतेस."

"मग काय होऊ द्यायचं?"

"काही व्हायला नको. पण होईल असं वाटायला तर हवं! जरासं. श्वासभर."

मी तिला झटकून टाकलं. तिला गाडी चालवता येत नाही, तिला काय कळणार. पण नंतर मी ते रेकॉर्डिंग एकटीने परत पाहिलं. शिकवणारी म्हणून पाहिलं. आणि तिच्या म्हणण्यात एक वेगळंच तथ्य दिसलं. मी इतक्या लवकर ब्रेक दाबते की शिकणाऱ्याचा पाय ब्रेकवर जातच नाही. त्याला सवय लागते, कुणीतरी दाबेल. हा शिकवण्यातला दोष आहे. इतक्या वर्षांत कुणी दाखवला नव्हता.

२० फेब्रुवारी

नवी पद्धत: थोडं थांबायचं. शिकणाऱ्याला स्वतः ब्रेक दाबायची संधी द्यायची. आज दाताच्या डॉक्टरीणबाईंबरोबर करून पाहिलं. उभ्या टेम्पोच्या मागे बऱ्यापैकी जवळ गेलो, मग त्यांनीच दाबला. त्यांचा चेहरा पांढराफटक. पण दाबला त्यांनीच! पद्धत योग्य आहे.

रेकॉर्डिंगही चांगलं आलं.

२७ फेब्रुवारी

ग्रंथपालबाई आज तासानंतर ऑफिसात चहाला थांबल्या. इतकं वय होईपर्यंत गाडी का शिकली नाही, असं मी सहज विचारलं.

"हे होते ना," त्या म्हणाल्या. त्यांचे यजमान औषध कंपनीत फिरतीच्या नोकरीवर होते, सगळा जन्म स्टिअरिंगवर गेला. आता त्यांची नजर जाते आहे. कडेकडेने अंधारत चाललंय, समोर तेवढं खिडकीएवढं उरलंय, तेही धूसर. डोळ्यांच्या दवाखान्यात महिन्यातून दोनदा न्यावं लागतं, आणि तो गावाच्या दुसऱ्या टोकाला. "ते टॅक्सीत बसायला तयार नाहीत. दुसऱ्याची गाडी म्हटली की ब्रेकसाठी त्यांचाच पाय आपटत राहतो. म्हणून म्हटलं, निदान मी चालवली तर पाय तरी स्वस्थ ठेवतील."

"ठेवतील का?"

"नाही ठेवणार," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

व्हिडिओ ते ऐकतात म्हणे. दिसत नाही, म्हणून फोन कानाला लावून. बायकोचा आवाज ऐकून हसतात.

हे सगळं कॅमेऱ्यासमोर घ्यायला हवं होतं. पुढच्या वेळी विचारेन.

५ मार्च

आज एक प्रकार घडला. घडला तसा लिहिते.

ग्रंथपालबाईंचा तास. बाजाराच्या मागचा रस्ता, दोन्ही बाजूंना माल उतरवणाऱ्या गाड्या. वेग फारसा नव्हता. दोन टेम्पोंच्या फटीतून एक अंडीवाला सायकल घेऊन निघाला, मागे अंड्यांच्या ट्रेचा डोंगर. बाईंनी पाहिला. "थांबवा," म्हणाल्या. त्यांचा पाय चुकीच्या जागी गेला. "थांबवा!" मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण सायकलच्या मागच्या चाकाला धक्का लागला होता. तो आडवा झाला आणि सगळी अंडी आमच्या बॉनेटवर. काचेवरून पिवळं ओघळायला लागलं. बाईंचा हात वायपरच्या दांडीला लागला आणि वायपर फिरायला लागले. त्या काचेकडे बघत म्हणत राहिल्या, "सॉरी, सॉरी, अगं बाई, सॉरी."

मी उतरले. अंडीवाल्याचा हात मोडला असावा, मनगट वाकडं दिसत होतं. लोक जमले. बाई दार उघडून धावत त्याच्याकडे गेल्या आणि रस्त्यातच त्याच्याशेजारी मांडी घालून बसल्या. त्यांना उठवायला वेळ लागला. त्या त्याच्याबरोबर हॉस्पिटलात गेल्या, मी गाडी धुवायला नेली. अंडं वाळलं की रंग खातं.

भाऊजींना कळवलं. अंड्यांचं आणि हाताचं ते बघून घेणार आहेत. मला एवढंच म्हणाले, "वहिनी, तुमच्या गाडीत असं कधी झालं नव्हतं."

खरं आहे. पण कधी ना कधी सगळ्यांकडून होतं.

६ मार्च

नणंदेने रेकॉर्डिंग पाहिलं आणि खुर्चीतून उठून उभी राहिली. "वहिनी! वायपर! वायपर फिरतायत आणि या सॉरी म्हणतायत! असं कुणी ठरवून करू शकणार नाही."

मी म्हटलं, माणसाचा हात मोडलाय. ती म्हणाली, तो भाग घ्यायचाच नाही. काच, अंडी, वायपर, सॉरी, संपलं. अंडीवाल्याचा चेहरा पुसट करते.

बाईंना विचारायला हवं म्हणून फोन केला. त्या हॉस्पिटलातच होत्या, मागे कुणीतरी नाव पुकारत होतं. मी विचारलं, कालचा भाग टाकला तर चालेल का. त्या म्हणाल्या, "अहो, त्यांचा प्लास्टरचा नंबर लागलाय, तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

परवानगी मिळाली.

नवरा जेवताना म्हणाला, "अंडीवाल्याला विचारलंस?" मी म्हटलं, त्याचा चेहरा दिसत नाही. तो म्हणाला, "मी हाताचं विचारत होतो."

११ मार्च

लिहायला सवड नाही. व्हिडिओ उठला. म्हणजे खरोखर उठला. फोन हातात तापतो आहे. कुठल्या कुठल्या देशांतले लोक, ज्यांना आमची भाषा कळत नाही, ते सुद्धा "सॉरी, सॉरी" लिहीत आहेत. कुणी त्याच्यावर गाणं केलं आहे. नणंद रडली. मीही थोडी.

१५ मार्च

सीटकव्हर बनवणाऱ्या कंपनीचा फोन आला. गुळगुळीत आवाजाचा माणूस. "मॅडम, अशाच आंटी अजून आहेत का तुमच्याकडे?" मी म्हटलं, शिकणारे आहेत, आंटी असं काही नाही. "तेच हो. घाबरणाऱ्या." दर आठवड्याला एक असा व्हिडिओ मिळाला तर ते आमच्याशी करार करतील.

भाऊजींचा सूर बदलला. नाव नोंदवायला रांग आहे. त्यांनी बॉनेटवर शाळेचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, अंडी पडतील त्या जागी दिसेल असं. मी त्यांच्याजवळ माझ्या स्वतःच्या गाडीचा विषय काढला. पहिल्यांदा त्यांनी तो हसण्यावारी नेला नाही.

नणंदेला मी म्हटलं, "हजारांतलं एखादं ते हेच की काय?"

ती म्हणाली, "आता दुसरा टाकल्यावर कळेल."

१८ मार्च

टीकाही आहे. "ब्रेक दुसऱ्या बाजूलाही असतो ना? मॅडम झोपल्या होत्या का?" याला खूप लोकांनी पसंती दिली आहे. मी उत्तर लिहिलं: त्या दिवशी पाइप फुटून रस्ता ओला होता, गाडी घसरली. नणंदेने विचारलं, "पाइप कधी फुटला होता?" मी म्हटलं, बाजाराच्या मागे नेहमीच काही ना काही सांडलेलं असतं. तिने खांदे उडवले.

२२ मार्च

ग्रंथपालबाई तासाला आल्या नाहीत. मागच्या तासालाही आल्या नव्हत्या. फोन उचलत नाहीत. त्यांच्याबरोबरचा नवीन भाग हवा म्हणून लोक मागे लागले आहेत.

२९ मार्च

फोन आला, पण बाईंचा नाही, यजमानांचा. "मॅडम, सवड असेल तर घरी याल का?" गेले.

दुसऱ्या मजल्यावरचं घर, स्वच्छ, सगळ्या वस्तू भिंतीला चिकटवून ठेवलेल्या, त्यांना अडखळायला नको म्हणून. ते खिडकीशी बसले होते. बाई पाणी घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघून कसनुसं हसल्या. मी म्हटलं, "बाई, पुढच्या आठवड्यापासून या. टेस्ट जवळ आलीय."

"मी वाचनालयातून सुटी घेतलीय," त्या म्हणाल्या. "मुलं पुस्तकं परत द्यायला येतात आणि काउंटरवर बोटांचे वायपर करतात. मुलंच ती, त्यांचं काही नाही. पण परवा एक मोठे गृहस्थ आले. रोजचे वाचक. त्यांनीही केलं."

मी म्हटलं, "लोकांना तुम्ही आवडता हो. कमेंट वाचा, किती प्रेमाने लिहितात."

"असेल," त्या म्हणाल्या. "त्या माणसाचा हात अजून सुजलेला आहे. मी सॉरी म्हणत होते ते त्याला. आणि लोकांना वाटतं मी अंड्यांना म्हणत होते."

मग त्या आत गेल्या. यजमानांनी त्या गेल्याची चाहूल घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मी तो व्हिडिओ ऐकला. मला दिसत नाही, त्यामुळे मी हसलो नाही."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"ती दोनदा 'थांबवा' म्हणते. पहिल्यांदा म्हणते आणि दुसऱ्यांदा म्हणते, यांच्या मध्ये बराच वेळ आहे. मी पुन्हा पुन्हा ऐकलं. तेवढ्यात तुमचा पाय कुठे होता?"

मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. शिकणाऱ्याला संधी द्यावी लागते, नाहीतर तो आयुष्यभर दुसऱ्याच्या पायावर अवलंबून राहतो. शिवाय नुसत्या आवाजावरून वेळेचा अंदाज येत नाही, आत बसलेल्याला वेगळं वाटतं.

त्यांनी मान हलवली, जसं काही सगळं पटलं. "तुम्ही शिकवणाऱ्या आहात. तुम्हाला जास्त कळतं. मी आपलं विचारलं." मग म्हणाले, "ती तुमच्या भरवशावर बसली होती, एवढंच."

निघताना बाई दारापर्यंत आल्या. व्हिडिओ काढून टाकता येईल का, विचारलं. मी खरं ते सांगितलं: मी काढला तरी उपयोग नाही, शंभर लोकांनी आपापल्या नावावर टाकलाय. त्या म्हणाल्या, "अच्छा. मग राहू द्या. सॉरी, उगाच तुम्हाला..."

चहा न घेता आले. चांगली माणसं आहेत. पण गाडी शिकवणं म्हणजे काय ते बाहेरून कळत नाही.

६ एप्रिल

अंड्यांनंतर टाकलेले सगळे व्हिडिओ पडले. दाताच्या डॉक्टरीणबाईंचा टेम्पोवाला भागसुद्धा. लोक येतात, अंडी नाहीत म्हणून जातात. सबस्क्राइबरचा आकडा तेवढाच आहे, पण आकड्यातली माणसं कुठे जातात कोण जाणे. सीटकव्हरवाल्याने दोनदा विचारलं, मग विचारायचं थांबवलं.

नवऱ्याने आज सांगितलं की तो अंडीवाल्याला भेटायला जात असतो. दोनतीनदा जाऊन आला. मला बोलला नव्हता. "प्लास्टर निघालं. मूठ पूर्ण वळत नाही. सायकल त्याचा भाऊ चालवतो." मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाला का? "तुला ओळखतच नाही तो. त्याला वाटतं मी वाचनालयातून आलोय."

१३ एप्रिल

नणंदेच्या आग्रहाखातर तिच्याच मैत्रिणीला नवशिकी म्हणून बसवलं आणि समोर कलिंगडाची हातगाडी ठेवली. मैत्रीण छान किंचाळली. मी वेळेवर ब्रेक दाबला. दुसऱ्यांदा केलं, मी पुन्हा वेळेवर दाबला. नणंद वैतागली. "वहिनी, हातगाडीजवळ कुणी नाही, कलिंगडं विकत घेतलीयत, आता तरी थांब!" मला थांबता येईना. म्हणजे ठरवून बसले होते, पाय आपोआप गेला. शेवटी तिने हातगाडीच ढकलून दिली.

टाकला. एका तासात लोकांनी ओळखलं. "खोटं आहे." "अंड्यांवेळीही खोटंच असेल." हे दुसरं वाचून नणंद म्हणाली, बघ, लोक किती मूर्ख, ते तर खरं होतं.

हो, म्हटलं. ते खरं होतं.

१९ एप्रिल

एक बाप ऑफिसात आला होता, मुलीचं नाव काढून घ्यायला. मी आतच आहे हे त्याला माहीत नव्हतं. "त्या मॅडमच्या गाडीत नको," म्हणाला. भाऊजींनी त्याची समजूत काढली, मग माझ्यासमोर येऊन बराच वेळ तक्त्यावरच्या खुणा बघत उभे राहिले. "वहिनी, कॅमेरे काढून टाकू या का?" त्यांनी तसं विचारलं, पण ते विचारणं नव्हतं.

काढले. काचेवर गोल डाग राहिले आहेत, चिकटपट्टीचे.

२१ एप्रिल

अंड्यांचा व्हिडिओ काढून टाकला. कुणासाठी असं नाही, चॅनलच बंद करते आहे तर ठेवून काय करायचं. नणंद अबोला धरून बसली आहे. जाता जाता म्हणाली, "चाललं होतं ते एकच, आणि तेच काढलंस."

इथपर्यंतचं वाचून काढलं. चूक कुठे झाली ते शोधत होते. दुसरा व्हिडिओ लगेच टाकायला हवा होता असं दिसतं. बाकी नेमकं सांगता येत नाही.

८ मे

दवाखान्याच्या रस्त्यावर सिग्नलला थांबले होते. शेजारच्या गाडीत ग्रंथपालबाई. दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत शिकून पास झाल्या असणार. गाडी जुनी, यजमानांची असावी. ते शेजारी बसले होते, दोन्ही पाय पुढे ताणून. बाईंनी मला पाहिलं की नाही, कळलं नाही. एक म्हातारा रेंगाळत त्यांच्या गाडीसमोरून गेला, बॉनेटला हात लावून. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ घट्ट मिटलेले. हिरवा लागल्यावर सफाईने निघून गेल्या.

चांगलं चालवतात आता. एक शब्द बोलत नाहीत.

१७ मे

नवीन शिकणारा घड्याळं दुरुस्त करतो. शांत माणूस, हात हलके, पहिल्या तासातच क्लच जमला. असे शिकणारे वर्षातून एखादेच मिळतात.

बेकरीच्या कोपऱ्यावर मी ब्रेक दाबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. फुटपाथवर एक बाई पिशवी बदलत उभी होती, रस्त्यावर उतरलीही नव्हती. मी म्हटलं, "छान, पुन्हा करू या." पुढे मुलांच्या शाळेच्या फाटकाशी पुन्हा दाबला. फाटक बंद होतं. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर, लांबवर एक सायकल दिसली तेव्हा.

त्याने गाडी कडेला घेतली. बरोबर आरसा बघून, इंडिकेटर देऊन घेतली.

"मॅडम, माझं काही चुकतंय का?"

"नाही. तुमचं काही चुकत नाहीये."

त्याने हात स्टिअरिंगवरच ठेवले. मग अगदी अदबीने म्हणाला, "मग मला चालवू द्याल का?"

मी हो म्हटलं. पाय ब्रेकवरून उचलून बाजूला ठेवला. पुढच्या वळणापर्यंत तो तिथे राहिला.